आमचं अख्खं घराणं एक जूनचं

एकतीस जानेवारीला जन्मलेल्या माणसाशी शेजारधर्म ठेवू नये, खिशाला परवडत नाही. हे मी ज्योतिष म्हणून सांगत नाहीये, हिशोब म्हणून सांगतोय. जॅकी रॉबिन्सन, ३१ जानेवारी १९१९. अर्नी बँक्स, ३१ जानेवारी १९३१. नोलन रायन, ३१ जानेवारी १९४७. तिघंही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधे, आणि तिघांच्याही जुन्या कार्डांचे (पुढं प्लेयरचा फोटो, मागं त्याचे आकडे, अशी छापील पुठ्ठ्याची कार्डं) भाव असे की माणूस बघतो आणि गपचूप मोबाईल पालथा घालून ठेवतो. आमचे शेजारचे आजोबा, देव त्यांना उदंड आयुष्य देवो, नेमके त्याच तारखेला जन्माला आलेत. वर्षाला ३६५ दिवस असतात हो, एखादा स्वस्तातला बघायचा.

तर झालंय असं की आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचे कराडकडचे, आणि शेजारी हे ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. बालपण ब्रुकलिनमधे गेलेलं, टीम ब्रुकलिन डॉजर्स. ती टीम १९५७ चा सीझन संपल्यावर उठून लॉस एंजेलिसला गेली, आणि त्या दुःखात आजोबांनी पुढं १९६२ ला न्यू यॉर्कची मेट्स ही नवी टीम निघेपर्यंत कुणाचीच बाजू घेतली नाही म्हणे. आमची पोरं त्यांना ग्रँडपा म्हणतात, आमचे अण्णा बेसबॉलतात्या म्हणतात.

यांना नाद एकच. बाकीचे लोक बेसबॉल कार्डं जमवतात ती टीमप्रमाणे, प्लेयरप्रमाणे नाहीतर एखाद्या वर्षाचा पूर्ण सेट. यांच्याकडं सगळं वाढदिवसाप्रमाणे. गॅरेजमधे बुटांची खोकी रांगेनं लावलीत, आत पुठ्ठ्याची खूणपत्रं, एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर, अगदी २९ फेब्रुवारीचंसुद्धा वेगळं, तिथं पेपर मार्टिन आणि अल रोझन दोघं बसलेत. तुम्ही तारीख सांगायची, आजोबा आत जातात आणि त्या दिवशी जन्मलेल्या प्लेयरचं कार्ड आणून हातात ठेवतात, कायमचं, फुकट. पोस्टमनला दिलंय, प्लंबरला दिलंय, पिझ्झा घेऊन आलेल्या पोराला दिलंय. फक्त कार्ड उलटं करून मागचे आकडे वाचेपर्यंत ते समोरून हलत नाहीत, पिझ्झा गार झाला तरी चालेल.

आमच्या पोराचा नंबर पहिला लागला. त्याचा वाढदिवस २४ एप्रिल. आता ही तारीख आमच्या घरात काय आहे हे तुम्हाला सांगायला नको, तो जन्मला तेव्हा मी हॉस्पिटलमधूनच फोन करून सगळ्यांना सांगितलं होतं, सचिनच्या दिवशी झाला म्हणून. आजोबांना मी मोठ्या अभिमानानं तारीख सांगितली तर त्यांचं तोंड कडू झालं. म्हणे २४ एप्रिल म्हणजे चिपर जोन्स. १९७२ चा, सचिनपेक्षा बरोबर एक वर्षानं मोठा, अख्खं करियर अटलांटा ब्रेव्ह्जकडून खेळला आणि मेट्सला इतकं झोडलं की मेट्सचं जे शे स्टेडियम होतं त्याचंच नाव त्यानं स्वतःच्या मुलाला ठेवलं, शे! दुश्मनाच्या मैदानावर इतका जीव! आजोबांनी त्याचं १९९१ चं टॉप्स कंपनीचं रूकी कार्ड, म्हणजे नवखेपणीचं कार्ड, आणून दिलं, पण देताना ते चिमटीत असं धरलं होतं की मेलेलं झुरळ बरं. मी म्हटलं अहो त्या तारखेला आमच्याकडं देव जन्मलाय. ते म्हणाले असेल, पण त्याला कर्व्हबॉल टाकून बघितलाय का कुणी.

(सुनील गावसकरच्या १० जुलैला त्यांच्याकडं आंद्रे डॉसन निघतो आणि राहुल द्रविडच्या ११ जानेवारीला मॅक्स कॅरी. हा खेळ एकदा सुरू झाला की रात्रीचे अकरा वाजतात, बायको दिवे घालवते तेव्हा थांबतो.)

मग माझी तारीख विचारली. मी म्हटलं एक जून. डेरेक लो आला, १९७३ चा. २००४ ला बॉस्टन रेड सॉक्सनी ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा प्लेऑफच्या तिन्ही सिरीजची निर्णायक मॅच यानंच जिंकून दिली, आणि वाटेत यँकीजना, म्हणजे न्यू यॉर्कच्याच दुसऱ्या टीमला, हाणलं होतं म्हणून आजोबांचा त्याच्यावर लोभ. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग इंडियाहून आई-अण्णा आले. आता इकडंच असतात दोघं.

आजोबांनी पहिल्याच संध्याकाळी कुंपणापाशी अण्णांची जन्मतारीख विचारली. अण्णा म्हणाले फस्ट जून. आजोबा खूश, बापलेक एकाच तारखेचे, केवढा योगायोग! धावत गेले आणि १९६५ चं डीन चान्सचं कार्ड घेऊन आले. १ जून १९४१ चा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर. १९६४ ला यानं वीस मॅच जिंकल्या, त्यातल्या अकरा शटआउट म्हणजे समोरच्याला एक रनसुद्धा नाही, इआरए म्हणजे नऊ इनिंगमागं पिचरच्या खात्यावर लागलेल्या रनांची सरासरी १.६५, आणि सगळ्यात भारी पिचरचं साय यंग अवॉर्ड मिळवलं, तेही ज्या काळात दोन्ही लीग मिळून एकच अवॉर्ड असायचं. अण्णांनी कार्ड लांब धरून बघितलं, खाली कोपऱ्यात टीमचं छोटं तिकोनी निशाण आहे त्याच्यावर अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "बॅटिंगला कसा हुता?" मी विचारलं तर आजोबा खो खो हसायला लागले. करियरची बॅटिंग सरासरी .०६६. म्हणजे शंभरदा बॅट घेऊन उभा राहिला तर सहा-सात वेळा बॉलला नीट लागायची. अण्णा एकदम म्हणाले, "म्हंजे आपला चंद्रशेखर! दोनशे बेचाळीस विकेटी आन् रना एकशे सदुसष्ट." हे मी आजोबांना सांगितलं आणि तिथून ती दोस्ती जी जमली ती जमलीच, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही पण आकडे समजतात, मधे भाषांतराला मी, ऑफिसचा कॉल कानात चालू असतानासुद्धा मी.

दुसऱ्या दिवशी आजोबा आईची तारीख विचारायला आले. आई म्हणाली एक जून.

आजोबांनी माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं. मग ते काही न बोलता जाऊन रँडी हंडलीचं कार्ड घेऊन आले, शिकागो कब्जचा कॅचर, १ जून १९४२. १९६८ च्या एका सीझनमधे पठ्ठ्यानं १६० मॅचमधे कॅचिंग केलं. कॅचर म्हणजे अख्खी मॅच उकिडवा बसतो हे आईला समजावून सांगितल्यावर तिनं फोटोकडं बघत कळवळून विचारलं, "आणि गुडघे?" तर पुढं त्याच्या गुडघ्यांनी खरंच दगा दिला होता. आईचं मागच्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून तो रँडी हंडली आमच्या फ्रिजवर आहे, मॅग्नेटखाली, आणि आई त्याला "बिचारा" म्हणते.

एवढ्यावर भागलं असतं, पण पुढच्या महिन्यात चुलते आले. कॅलिफोर्नियाला चुलतभावाकडं असतात, चार दिवस राहायला आले होते. आजोबा हजर. चुलते म्हणाले एक जून. कार्लोस झांब्रानो निघाला, तो पिचर म्हणून भारी पण डोकं तापट, एकदा मैदानाबाहेर काढला म्हणून डगआउटमधल्या थंड पेयाच्या पिंपाला बॅटनं बडवून आला होता. चुलत्यांनी हे ऐकून "बरोबर केलं" असं म्हटलं, त्यामुळं कार्ड योग्य घरी गेलं यात शंका नाही. पण आजोबा मात्र आता सरळ खुर्ची ओढून बसले आणि अगदी हळू आवाजात, कुणाच्या भावना दुखावू नयेत अशा बेतानं मला विचारलं, की तुमच्या धर्मात असं काही आहे का, म्हणजे मुलं एक जूनलाच होतात?

आता हे गोऱ्या माणसाला इंग्लिशमधे समजावून बघा एकदा. म्हटलं आजोबा, आमच्याकडं मूल जन्माला घरी यायचं, पण तारीख त्याला शाळेत मिळायची. बाप पोराला हाताला धरून न्यायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप सांगायचा पाऊस लई झाला तवाचा, गुरुजी पोराकडं बघायचे, शाळा जूनला सुरू, वय तर भरलं पाहिजे, की लिहिलं एक जून. गुरुजींच्या टाकानं पिढ्याच्या पिढ्या एका दिवशी जन्मल्या. अजूनही एक जूनला फेसबुक उघडलं की अर्ध्या महाराष्ट्राला शुभेच्छा देता देता अंगठा दुखतो. पुढं तोच दाखला, तोच पासपोर्ट, तेच ग्रीन कार्ड.

आजोबा बराच वेळ गप्प. मला वाटलं झालं, आता चार कार्डं परत मागतात. पण ते उठले, गॅरेजमधून फेब्रुवारीचं खोकं घेऊन आले आणि त्यातून बेब रूथ काढला. (ओरिजिनल नाही, रीप्रिंट, ओरिजिनल असता तर ते एडिसनला कशाला राहिले असते.) म्हणाले, हा एवढा मोठा माणूस, आयुष्यभर समजत होता आपण ७ फेब्रुवारी १८९४ चे. १९३४ ला जपानच्या दौऱ्यासाठी पासपोर्ट काढायची वेळ आली, बाल्टिमोरचा जन्मदाखला मागवला, तर त्यावर ६ फेब्रुवारी १८९५! एका फटक्यात वर्षानं लहान झाला, पण होमरन मारून मारून दमल्यानंतर. त्या वर्षी त्याचा यँकीजमधला शेवटचा सीझन.

आणि सॅचेल पेज? नीग्रो लीग्जमधला दंतकथा झालेला पिचर, काळ्या प्लेयर्सना मेजर लीगची दारं बंद होती म्हणून उमेदीची सगळी वर्षं बाहेर गेली. १९४७ ला जॅकी रॉबिन्सननं दार उघडलं आणि १९४८ ला हा क्लीव्हलँडकडून आला तेव्हा बेचाळीस वर्षांचा रूकी. म्हणजे बेचाळीस असं आता धरतात, त्याला विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर. जन्माची नोंद बायबलमधे ठेवलेली, ते बायबल बकरीनं खाल्लं असं सांगायचा. नंतर १९६५ ला, एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून परत तीन इनिंग टाकायला उतरला, मैदानाकडेला त्याच्यासाठी झुलती खुर्ची मांडलेली, शेजारी नर्स, आणि एकच हिट दिली. बरं, तारीख तर तारीख, त्याच्या १९५३ च्या टॉप्स कार्डवर नावाचं स्पेलिंगपण चुकलंय, एक एल जादा.

हे सगळं मी अण्णांना मराठीत सांगितलं. बकरीपाशी आलो तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजे गुरुजी हितं बी हुतेच की!"

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडं येतो. इतकी कार्डं घेतल्यावर त्यांच्या वाढदिवसाला रिकाम्या हातानं कसं जायचं, असं बायकोनं जानेवारी लागल्या लागल्या विचारलं. मी म्हटलं चकल्या देऊ. तिनं फक्त बघितलं. म्हटलं बरं, कार्ड. ३१ जानेवारीचं.

शोधायला बसलो तर वर सांगितलं ते झालं. जॅकी रॉबिन्सन तर बादच, एकतर भाव, दुसरं म्हणजे आजोबांकडं आहे. लहानपणचं, १९५६ चं आडवं टॉप्स कार्ड, मधे घडी पडलेली, कडेला बॉलपेननं काहीतरी खरडलेलं, विकायला काढलं तर कोपऱ्यात पडेल असं, पण ते एकच कार्ड आजोबा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, स्वतः धरून दाखवतात. आपल्या वाढदिवसाला जन्मलेला माणूस आपल्या गावच्या टीमकडून खेळतोय आणि आपण पोरगं म्हणून डॉजर्सच्या एबेट्स फील्ड मैदानावर बसून बघतोय, म्हणजे विचार करा. बाकीची लहानपणची कार्डं आईनं फेकली. हे इथल्या त्या वयाच्या प्रत्येक पुरुषाचं ठरलेलं दुःख आहे, प्रत्येकाच्या आईनं कार्डं फेकली आणि प्रत्येकाच्या फेकलेल्या खोक्यात यँकीजचा स्टार मिकी मँटल होता. १९५२ च्या टॉप्स सेटमधलं मँटलचं कार्ड २०२२ ला १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं तेव्हा आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्यात कहर म्हणजे तो सेट ब्रुकलिनमधेच जन्मला, टॉप्स कंपनीच्या साय बर्गरनं घरच्या किचनटेबलावर बसून डिझाईन केला, आणि उरलेला माल खपेना म्हणून १९६० ला त्यानंच बार्जवर चढवून न्यू जर्सीसमोरच्या समुद्रात नेऊन बुडवला. आई निदान कचऱ्यात टाकत होती.

नोलन रायनचं रूकी कार्ड १९६८ चं, त्यावर शेजारी जेरी कूझमनचाही फोटो, म्हणजे माणूस अर्धा आणि किंमत पूर्ण. उलट त्याची शेवटी शेवटीची कार्डं चक्क डॉलरला मिळतात, कारण ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला कंपन्यांनी इतकी बेसुमार छापली की त्या काळालाच लोक जंक वॅक्स म्हणतात. पण ती आजोबांकडं ढिगानं आहेत, पुस्तकात खूण म्हणून घालतात. राहिला अर्नी बँक्स. शिकागो कब्जचा, ५१२ होमरन, अडीच हजारावर मॅच खेळला आणि एकदाही प्लेऑफ बघितला नाही. १९५४ चं रूकी कार्ड सोडा, पण १९७१ चं शेवटचं आवाक्यातलं वाटलं.

रविवारी एका हॉटेलच्या हॉलमधे कार्ड शो होता, तिथं गेलो. अण्णा बरोबर. बाहेर बर्फ, अण्णा माकडटोपीत. आत टेबलांच्या रांगा, काचेखाली महाग माल, बाजूला डॉलर डॉलरची खोकी, आणि पन्नाशी-साठीची माणसं त्या खोक्यात मान घालून एकेक कार्ड बोटानं पुढं ढकलतायत, कुणी कुणाशी बोलत नाही. काही कार्डं जाड प्लास्टिकमधे कायमची सील केलेली, वर एक ते दहामधला ग्रेड. अण्णांनी विचारलं हे काय, म्हटलं मार्क दिलेत. बँक्सचं एक सापडलं, ग्रेड दोन. अण्णा म्हणाले, "धापैकी दोन? आपल्यात पस्तीसला पास हाय, ह्यो तर ईस टक्क्यात गेला. नापास झाल्यालं कशाला घ्यायचं?"

मग एकाकडं सील न केलेलं दिसलं. १९७१ च्या टॉप्सला काळी बॉर्डर आहे, दिसायला रुबाबदार पण कडेला जरा धक्का लागला की काळं उडून खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो, त्यामुळं चांगलं टिकलेलं मिळणं मुश्कील. हे मात्र कडेनं गर्द काळं, एक टवका नाही. मी भुललोच होतो. अण्णांनी चष्मा कपाळावर घेतला, कार्ड डोळ्यापाशी नेलं, दिव्याखाली तिरकं केलं. तिरकं केल्यावर बाकी बॉर्डर मंद दिसत होती आणि कड तेवढी चमकत होती. अण्णा दुकानदाराकडं बघून मराठीतच म्हणाले, "कलप लावलाय ह्याला."

मला भाषांतर करायची हिंमत होईना, पण त्या दुकानदाराला कळलं बहुतेक, कारण त्यानं कार्ड काढून घेतलं आणि म्हणाला मला असंच आलं होतं. मार्करनं कडा रंगवणं हा या सेटमधला जुना धंदा आहे म्हणे. पुढच्या टेबलावर खरंखुरं म्हातारं झालेलं बँक्स मिळालं, चारी कोपरे गोल, कडा पांढऱ्या, खालच्या बाजूला बारीक क्रीज, आणि फोटोवर सही. अण्णा सहीवर खूश झाले, म्हटलं अण्णा ती छापील आहे, सगळ्यांवर असते, तर त्याच मुद्द्यावर त्यांनी भाव पाडायला सुरुवात केली. सही खोटी, कोपरं गेल्याली, मोडल्यालं. मी एकेक वाक्य इंग्लिशमधे जमेल तेवढं सभ्य करून पुढं पाठवत होतो. दुकानदार शेवटी हसत सुटला आणि वर टॉपलोडर, म्हणजे कार्ड ठेवायचं कडक प्लास्टिकचं पाकीट, फुकट दिला.

३१ तारखेला संध्याकाळी आम्ही सगळे गेलो. आजोबांनी कार्ड घेतलं, आधी पुढून बघितलं, मग नियमाप्रमाणे उलटं केलं, मागं बँक्सचा छोटा काळापांढरा फोटो आहे तो बघितला, आकडे मोठ्यानं वाचले. मग म्हणाले कडा ओरिजिनल आहेत. मी म्हटलं अण्णांनी तपासल्यात. आजोबांनी अण्णांचा हात हातात घेतला तो सोडेनातच, आणि मला वाटलं चला, फिटलं, आता पुढच्या जानेवारीपर्यंत मोकळा.

कसला मोकळा. आजोबा म्हणाले आता मला याची खरी जन्मतारीख पाहिजे, शाळेची नको.

अण्णा म्हणाले नागपंचमी. आजी सांगायची, वारूळ पुजायला बाया निघालेल्या आणि कळा सुरू झाल्या. आजोबांनी कॅलेंडर काढलं आणि विचारलं ती कधी असते. मी म्हटलं यंदा, २०२६ ला, १७ ऑगस्ट. म्हणजे दरवर्षी १७ ऑगस्ट? नाही, मागच्या वर्षी २९ जुलै होती. आणि त्याच्या आधी? ९ ऑगस्ट. आजोबांनी पेन खाली ठेवलं. मग अण्णांनी त्यांना तिथी, चंद्र आणि यंदा ज्येष्ठ अधिक असल्यानं सगळं पुढं कसं गेलंय हे टेबलावर संत्री मांडून समजावलं, आणि भाषांतर करता करता मला एक गोष्ट दिसत गेली की आजोबांचा चेहरा पडत नाहीये, उजळतोय. या माणसाचा वाढदिवस दर वर्षी सरकतो! म्हणजे दर वर्षी नवा प्लेयर! ९ ऑगस्ट टेड सिमन्स, तो तर राहिलाच द्यायचा, तो मागाहून देतो. १७ ऑगस्टला दोघं आहेत, होर्हे पोसाडा नको, यँकी आहे. बूग पॉवेल! बाल्टिमोरचा, चांगला सव्वासहा फुटाच्या वरचा धिप्पाड गडी, १९७० चा एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वात मोलाचा प्लेयर, आणि १९६९ ला मेट्सनी वर्ल्ड सिरीजमधे ज्यांना हरवलं त्यांच्यातला, म्हणून आजोबांना अतिप्रिय. शिवाय आता बाल्टिमोरच्या स्टेडियममधे त्याच्या नावाचा बार्बेक्यू मिळतो, तेव्हा १७ ऑगस्टला कार्ड तर देणारच पण अंगणात ग्रिलही लावणार, सगळी गल्ली बोलावणार.

आईनं मला बाजूला घेतलं. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही, पुरणाची दिंडं करते मी उकडून, त्यांना सांग जेवायला या म्हणून, पण ते जाळ-बिळ काही नको त्या दिवशी. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा आजोबांना खुणेनं मक्याचं कणीस केवढं पाहिजे ते दाखवत होते.

"तवा चढवू नये म्हणत्यात," अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "जाळीचं कुणी काय म्हणल्यालं न्हाई."